आधी दान, मग सौदा : तालुक्यालगतच्या पाच एकरांचं प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ या आर्थिक वर्षातलं. माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत. कलमं १९६१ च्या आयकर कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे आजच्या व्यवहाराला हे क्रमांक जसेच्या तसे लावू नयेत.

पार्श्वभूमी

काकाजी ७४ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाजवळ त्यांनी १९८६ साली पगारातून साठवलेल्या पैशांनी पाच एकर वावर घेतलं. जमीन वडिलोपार्जित नाही, स्वकष्टाची. पऱ्हाटी, तूर, विहिरीला पाणी असलं तर हरभरा. कामाला सालदार, पण सकाळी सातला काकाजी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे असणार म्हणजे असणारच.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. भारनियमनाच्या काळात गल्लीत इन्व्हर्टर फक्त यांच्याकडे होता, आणि काकू दहावी-बारावीच्या पोरींना ओसरीत रात्री अकरापर्यंत अभ्यासाला बसू द्यायच्या. त्यातल्या दोघी आज नर्स आहेत, एक तलाठी आहे. काकूंच्या नावानं गावात अभ्यासिका व्हावी, ही काकाजींची इच्छा तेव्हापासूनची. मुलगा पुण्यात खासगी नोकरीत, मुलगी याच तालुक्यात शिक्षिका.

तालुक्याबाहेरचा रस्ता रुंद झाला आणि वावराच्या भावाला पंख फुटले. जून २०२४ मध्ये गोदामासाठी जागा शोधणाऱ्या एका शेतकरी-व्यापाऱ्यानं एकरी ३६ लाख देऊ केले, म्हणजे पाच एकरांचे १ कोटी ८० लाख. मुलगा सुट्टीवर आलेला होता. आठवड्याच्या आत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर इसार चिठ्ठी झाली आणि पाच लाखांचा चेक जमा झाला. इसार चेकनं घेतला, हे फार बरं झालं. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीनं घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो.

कराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे ते आले जुलैच्या अखेरीस, इसार झाल्यावर सहा आठवड्यांनी. सोबत मुलगा आणि हातात एक योजना.

योजना काय होती

मुलाच्या ऑफिसातल्या एकानं त्याला अमेरिकेतल्या पद्धतीबद्दल सांगितलं होतं. तिथं १९६९ च्या कायद्यापासून अशा प्रकारचा ट्रस्ट मान्य आहे : मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकायची, ट्रस्टनं ती विकायची, विकताना कर लागत नाही, दात्याला हयातभर किंवा ठरावीक वर्षं उत्पन्न मिळत राहतं आणि शेवटी उरलेलं धर्मादाय संस्थेला जातं. हयातभर मिळणाऱ्या रकमेवर दात्याला कर भरावा लागतो आणि संस्थेसाठी किमान वाटा राखावा लागतो, पण पद्धत खरी आहे.

त्याला इथल्या एका मध्यस्थानं गावठी जोड दिली होती. ट्रस्ट काढा, पाचही एकर त्याच्या नावानं दानपत्र करा, ट्रस्ट विकेल, कर शून्य. मग मुलाला ट्रस्टचा व्यवस्थापक दाखवून पगार काढा, उरलेलं कर्ज म्हणून उचला.

काकाजी गप्प बसून होते. मुलाचं बोलणं संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, “भाऊ, हे दान झालं का? का दानाच्या नावानं दुसरंच काही?”

या कामात मला इतकी वर्षं झाली, पण इतक्या कमी शब्दांत नेमका मुद्दा मांडलेला मी क्वचित ऐकला.

अडचण

पहिला प्रश्न ट्रस्टचा नव्हताच. कर लागतो की नाही, हाच होता. घरच्यांची खात्री होती की शेतजमीन म्हणजे करमुक्त, आणि वावर गावापासून तीन किलोमीटरवर असल्यानं चिंता नाही. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता धरली जात नाही, हे बरोबर. पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचं ते कलम २(१४) मध्ये मोजून दिलं आहे. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या पुढे, दहा लाखांपर्यंत असेल तर ६ च्या पुढे, त्याहून मोठ्या शहराला ८ च्या पुढे. आणि २०१४-१५ या कर आकारणी वर्षापासून हे अंतर सरळ रेषेत, आकाशातून मोजायचं.

काकाजींच्या वावराला जाणारा रस्ता तलावाला वळसा घालून जातो. मोटारसायकलचा काटा तीन किलोमीटर दाखवतो. मी नगरपरिषदेतून हद्दीचा नकाशा काढायला सांगितला आणि आम्ही तिघं टेबलावर वाकून बसलो. हद्दीचा शेवटचा सर्व्हे नंबर तलावाच्या अलीकडच्या काठावर होता, वावर पलीकडच्या. नकाशावर पट्टी ठेवली. दीड किलोमीटरहून थोडं जास्त. पुढे भूमी अभिलेखकडून रीतसर मोजून घेतलं तेव्हा १.६ किलोमीटर आलं. गावाची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत, म्हणजे मर्यादा दोन किलोमीटरची.

चारशे मीटर कमी पडले. बदक पोहून जाईल त्या वाटेनं कायदा मोजतो, बंडी जाईल त्या वाटेनं नाही.

मग हिशेब मांडला. १९८६ ची खरेदी असल्यानं १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येतं, मात्र ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. मूल्यांकनकारानं एकरी ८० हजार काढले, पाच एकरांचे चार लाख. नफा १ कोटी ७६ लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आला आणि महागाईची वजावट गेली. त्याआधी घेतलेल्या जमिनीला जुना, २० टक्के आणि वजावटीचा हिशेबही करून पाहता येतो, पण इथं तो महाग पडत होता. १२.५ टक्क्यांनी २२ लाख, त्यावर १५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. एकूण २६ लाख ३१ हजार. पेन्शन लहान आणि सवलतीच्या मर्यादेत, तिच्यावर वेगळा कर नव्हता.

मुलाचा चेहरा उतरला. पुण्यातल्या फ्लॅटचं त्याचं गणित मोडलं होतं.

समोरचे पर्याय

*सगळं ट्रस्टला देऊन ट्रस्टकरवी विकणं.* मध्यस्थाच्या योजनेतला एक भाग खरा आहे. कलम ४७ प्रमाणे व्यक्तीनं दान, मृत्युपत्र किंवा अपरिवर्तनीय ट्रस्टद्वारे दिलेली मालमत्ता ‘हस्तांतरण’ धरली जात नाही, त्यामुळे देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर नाही. नोंदणीकृत ट्रस्टनं ती पुढे विकली आणि आलेली निव्वळ रक्कम दुसऱ्या भांडवली मालमत्तेत गुंतवली, तर कलम ११(१ए) प्रमाणे ट्रस्टलाही कर नाही.

पण तो पैसा तिथून परत येत नाही. १९६१ चा कायदा लागू झाल्यानंतर काढलेला ट्रस्ट पूर्णपणे धर्मादाय असावा लागतो. अर्धा कुटुंबाला, अर्धा समाजाला असं केलं तर सूटच मिळत नाही, म्हणून ती अमेरिकी पद्धत इथं बसत नाही. दात्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना ट्रस्टच्या पैशांतून फायदा दिला की कलम १३ लागतं आणि तेवढ्या उत्पन्नाची सूट जाते. ‘व्यवस्थापकाचा पगार’ आणि ‘कर्ज’ नेमके त्याच जाळ्यात. दान परत घेण्याची सोय ठेवली तर उत्पन्न दात्याचंच धरलं जातं.

त्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जाहिरात, निविदा, मूल्यांकन, सुनावणी. इसार दिलेला व्यापारी वर्ष-दीड वर्ष थांबणार नव्हता. आणि ज्या सौद्याचा भाव ठरून इसार घेतलेला आहे ती जमीन मागाहून ट्रस्टला ‘दान’ करायची, ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्याला पटणारी नव्हती. मलाही पटत नव्हती. मी मुलाला स्पष्ट सांगितलं की या योजनेवर मी सही करणार नाही.

*विकून, आलेल्या पैशांतून देणगी देणं.* काकाजींना हाच रस्ता साधा वाटत होता : विकू, तीस-चाळीस लाख अभ्यासिकेला देऊ, ८० जीची, म्हणजे देणगीवर करात वजावट देणाऱ्या कलमाची, पावती घेऊ. याच ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं फसतात. दीर्घकालीन भांडवली नफ्यातून ८० जीची वजावट मिळत नाही. कलम ११२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय नव्या करप्रणालीत ८० जी नाही, आणि जुन्या प्रणालीतही बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. ते उत्पन्न मोजताना हा नफा आधीच बाजूला काढलेला असतो. जमीन दान दिली तरी ८० जी नाही, कारण ती फक्त पैशांच्या देणगीला आहे. काकाजींची पेन्शन पाहता चाळीस लाखांच्या देणगीवर करात एक रुपयाही वाचला नसता.

*ट्रस्ट बाजूला ठेवून गुंतवणुकीच्या सवलती घेणं.* कलम ५४ बी प्रमाणे आधीची दोन वर्षं शेतीसाठी वापरलेली जमीन विकली आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढा नफा सुटतो. कलम ५४ ईसी प्रमाणे सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात, पाच वर्षं हात लावायचा नाही, व्याज तेव्हा सव्वापाच टक्के आणि त्यावर कर. तिसरं कलम ५४ एफ, विक्रीच्या रकमेतून घर घेणं. मुलाचा ओढा याकडे होता, पण फ्लॅट काकाजींच्या नावावर घ्यावा लागला असता. काकाजींनी मान हलवली. “वावर गेलं तं वावरच घेऊ. पुण्यात मी काय करू?”

*मृत्युपत्रानं देणं.* दोन एकर विकायचे नाहीत, हयातभर कसायचे आणि मृत्युपत्रानं संस्थेला द्यायचे. करात बसतं, सोपंही आहे. पण काकाजींना अभ्यासिका डोळ्यांनी बघायची होती.

*दोन एकर सौद्यातून बाहेर काढून संस्थेला देणं, तीन एकर विकणं.* हा पर्याय मुलीनं मांडला. ती तोवर बोललीच नव्हती. संस्थेनं ती जमीन विकायची नाही, मक्त्यानं (भाड्यानं कसायला) द्यायची आणि मक्त्याच्या पैशांत अभ्यासिका चालवायची. विक्री नसली की कलम ३६ ची परवानगी नाही. शेतजमिनीचा दहा वर्षांपर्यंतचा भाडेपट्टाही परवानगीशिवाय देता येतो.

निर्णयाचा क्षण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं माझ्या ऑफिसात बसलो. बाहेर पावसाची झड लागली होती, लाइट नव्हती. मी कोऱ्या कागदावर तीन आकडे लिहिले आणि कागद मुलासमोर सरकवला.

काहीच केलं नाही तर कर २६ लाख ३१ हजार. पाचही एकर विकून ५० लाखांचे रोखे आणि ३० लाखांचं नवं वावर घेतलं तर १३ लाख ७३ हजार. दोन एकर दान देऊन, तीन एकर विकून, तेच रोखे आणि तेच वावर घेतलं तर ३ लाख ३३ हजार.

“म्हणजे दानामुळं दहा लाख वाचतात,” मुलगा म्हणाला.

“हो. आणि बहात्तर लाख जातात.”

हे मी मुद्दाम सांगितलं. दानानं करात १० लाख ४० हजारांचा फरक पडत होता, पण दिली जाणारी जमीन ७२ लाखांची होती. घरातून निव्वळ एकसष्ट-बासष्ट लाख जाणार. आधीच्या साडेबारा लाखांची बचत रोख्यांची आणि वावराची होती, ट्रस्टचा तिच्याशी संबंध नव्हता. कर वाचवण्यासाठी दान करायचं असेल तर ते करूच नये, असं मी त्या दिवशी म्हटलं आणि आजही म्हणतो. द्यायचं मनात पक्कं असेल, तेव्हाच कसं द्यावं याचा हिशेब कामाचा.

मुलगा बराच वेळ कागदाकडं पाहत राहिला. “दोन एकर म्हणजे बहात्तर लाख, बाबा.”

“मले ठाऊक हाये. तुह्या मायनं कोन्या पोरीले कधी हिशेब मांगतला व्हता का?”

मुलगा उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा म्हणाला, फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी दहा लाख मिळाले तर त्याची हरकत नाही. जमीन स्वकष्टाची असल्यानं कायद्यानं त्याच्या संमतीची गरज नव्हती. तरीही मी दोघा मुलांचं संमतीपत्र घेतलं. वडील गेल्यावर दानपत्राला आव्हान देणारी प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि त्यात संस्थाही भरडली जाते.

काय केलं

पहिलं काम इसार चिठ्ठीचं. ती पाच एकरांची होती. व्यापाऱ्याला आम्ही सगळं खरं सांगितलं. त्याला रस्त्याचा दर्शनी भाग हवा होता आणि तो तीन एकरांत येत होता, म्हणून तो राजी झाला. जुनी चिठ्ठी रद्द केल्याचा लेख केला, तीन एकरांचा नवा करार नोंदवला, पाच लाख त्यात वळते केले. तो अडून बसला असता तर हे प्रकरण इथंच संपलं असतं, हे मला मान्य केलं पाहिजे.

मग पोटहिस्सा मोजणी आणि दोन एकरांचा वेगळा सातबारा.

५४ बीसाठी दोन वर्षं शेती केल्याचा पुरावा लागतो आणि तिथं एक अनपेक्षित खोडा निघाला. २०२३ च्या खरिपात सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात ‘पड’ लिहिलेलं. त्या वर्षी काकाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे होते आणि ॲपवर ई-पीक पाहणी कोणी केलीच नव्हती. वावरात पऱ्हाटी उभी होती, कागदावर पडीक. काकाजींनी घरून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात कापूस विक्रीच्या पट्ट्या, बाजार समितीची तुरीची पावती, बियाणं-खताची बिलं, सालदाराच्या उचलीची वही, सगळं वर्षवार सुतळीनं बांधलेलं. शिक्षकाची शिस्त. त्या डब्यानं तीस लाखांची सवलत वाचवली.

संस्थेची निवड हा सगळ्यात नाजूक भाग. नवा ट्रस्ट काढायचा नाही, हे ठरलं होतं. गावात वाचनालय चालवणारी एक जुनी नोंदणीकृत संस्था होती, माणसं सचोटीची. पण माणसं चांगली असणं आणि कागद चांगले असणं या दोन वेगळ्या गोष्टी. परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा काढला तर विश्वस्तांची शेवटची मंजूर यादी तेरा वर्षांपूर्वीची, त्यातले दोघे वारलेले. विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा बदल अर्ज कधी दिलाच नव्हता. मग दान स्वीकारणार कोण? नोव्हेंबरमध्ये बदल अर्ज दाखल झाला, फेब्रुवारीत मंजूर झाला. कोणाची हरकत आली नाही म्हणून इतक्या लवकर.

आयकराच्या नोंदणीचं मात्र संस्थेनं वेळेत केलं होतं. जुन्या संस्थांना पुन्हा नोंदणीसाठीची वाढीव मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याआधी सचिवांनी अर्ज भरलेला होता आणि १२ एबीचं प्रमाणपत्र हातात होतं. नसतं तर मोठाच घोळ झाला असता. नोंदणी नसलेल्या संस्थेला फुकट मिळालेली अशी जमीन हे तिचं करपात्र उत्पन्न धरलं जाऊ शकतं. दान देऊन संस्थेलाच कराच्या खड्ड्यात घातलं, असं झालं असतं.

दुसरी परवानगी महसूल खात्याची. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ देत नाहीत, विक्रीनं नाही तशी दानानंही नाही. संस्था म्हणजे शेतकरी नव्हे. ऑगस्टमध्येच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला, तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचे अहवाल गेले आणि फेब्रुवारीअखेर परवानगी मिळाली. मध्यस्थानं आपल्या योजनेत या कायद्याचा उल्लेखही केला नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन एकरांची विक्री झाली, १ कोटी ८ लाखांना. व्यापारी शेतजमीन म्हणून टीडीएस (देतानाच कापून सरकारात भरायचा कर) कापायला तयार नव्हता. ही ग्रामीण शेतजमीन नाही आणि रक्कम ५० लाखांहून जास्त आहे, म्हणून एक टक्का कापणं त्याच्यावरच बंधनकारक आहे, हे समजावल्यावर त्यानं १ लाख ८ हजार भरले. फेब्रुवारीत काकाजींनी वीस किलोमीटर आतल्या गावात अडीच एकर घेतलं, सगळा खर्च धरून ३० लाख. मार्चमध्ये ५० लाखांचे रोखे. त्याच महिन्यात दोन एकरांचं दानपत्र नोंदवलं. त्याचं मुद्रांक शुल्क लागलं, ते काकाजींनीच भरलं.

दानपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. जमीन परत घेण्याचा हक्क दात्याला किंवा वारसांना नाही. उत्पन्न अभ्यासिकेसाठीच वापरायचं. मक्ता दरवर्षी जाहीर लिलावानं द्यायचा.

लिलावाची संध्याकाळ

तिसरी अट पंधरा दिवसांतच कसाला लागली. काकाजींच्या पुतण्याचं वावर त्या दोन एकरांना लागून, मधे फक्त धुरा. तो काकाजींकडे आला : घरचीच जमीन आहे, एकरी दहा हजारांनी मला द्या. काकाजी विरघळले आणि मला फोन आला.

कलम १३ मधल्या ‘नातेवाईक’ या शब्दात दात्याच्या भावा-बहिणींची मुलंही येतात. त्याला बाजारापेक्षा कमी मक्त्यानं जमीन देणं म्हणजे दात्याच्या नातेवाइकाला फायदा, आणि तेवढ्यापुरती संस्थेची सूट धोक्यात येऊ शकत होती. लिलावात सगळ्यांबरोबर बोली लावून घेतली तर गोष्ट वेगळी.

३० मार्चला पाडव्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर लिलाव झाला. दवंडी दिली होती, नोटीस लावली होती. पुतण्यानं अठरा हजारांपर्यंत बोली नेली आणि थांबला. दुसऱ्या एका कास्तकारानं एकरी साडेबावीस हजारांना घेतली. वर्षाचे ४५ हजार. पुतण्या न बोलता निघून गेला आणि पुढे सहा महिने काकाजींच्या घरी आला नाही. काकाजींना ते लागलं. या प्रकरणात त्यांनी जे काही दिलं, त्यात हेही मोजायला हवं.

निष्पत्ती

विक्रीवरचा नफा १ कोटी ५ लाख ६० हजार. त्यातून रोख्यांचे ५० आणि वावराचे ३० लाख वजा, उरले २५ लाख ६० हजार. कर ३ लाख २० हजार, उपकरासह ३ लाख ३२ हजार ८००. टीडीएस वळता करून उरलेला भरला, विवरणपत्र मुदतीत गेलं.

हातात राहिलेल्या पैशांतून मुलाला दहा लाख दिले. अभ्यासिकेसाठी वाचनालयाच्या मागच्या खोलीचं छत, वायरिंग, टेबलं आणि सोलर इन्व्हर्टर यांना सहा लाख लागणार होते. ते काकाजींनी चेकनं संस्थेला दिले. मी त्यांना पुन्हा सांगितलं की या सहा लाखांवर करात काहीही सुटणार नाही.

“सुटाले पाह्यजे असं मी कधी म्हणलो?” ते म्हणाले.

अभ्यासिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. बत्तीस खुर्च्या आहेत. मक्त्याच्या पैशांत वीजबिल, वर्तमानपत्रं आणि रात्री कुलूप लावणाऱ्या बाईंचं मानधन निघतं, पुस्तकांना अजून कमी पडतात. मुलगी विश्वस्त मंडळावर आहे, बिनमानधन.

वेगळं काय करता आलं असतं

इसाराआधी नकाशावर पट्टी ठेवायला हवी होती. एका दुपारचं काम, नगरपरिषदेचा नकाशा आणि जनगणनेतली लोकसंख्या. हद्दवाढ झाली आहे का तेही त्याच फेरीत कळतं. अंतर दोन किलोमीटरच्या पुढे निघालं असतं तर कराचा विषयच नव्हता, आणि काकाजी कितीही जमीन विकून कितीही देणगी निवांत देऊ शकले असते.

इसार चिठ्ठीच्या बाबतीत आम्हाला समजूतदार माणूस भेटला. दुसरा कोणी पाच एकरांसाठी कोर्टात गेला असता. द्यायची जमीन वेगळी मोजून, वेगळा सातबारा करून मगच उरलेल्याचा भाव बोलायचा, हा क्रम आम्ही उलटा करून निभावला.

संस्थेचे कागद मी ऑगस्टमध्येच मागवायला हवे होते. मी ते ऑक्टोबरमध्ये मागवले, ही माझी चूक. बदल अर्ज दोन महिने आधी गेला असता. कोणाची हरकत आली असती तर दानपत्र वर्षभर लोंबकळलं असतं आणि काकाजींचं वय ७४.

मृत्युपत्राचा पर्याय मी त्यांच्यापुढे पुरेसा मांडला का, याचा विचार मी अजून करतो. नवं वावर वीस किलोमीटर लांब आहे, त्यांना रोज जाता येत नाही. दोन एकर हयातभर त्यांच्याकडेच राहिले असते तर सकाळी सातचा धुरा सुटला नसता. विचारलं तर ते म्हणतात, आता सकाळी सातला अभ्यासिका उघडायला जातो.

मुलाचा हिस्सा पाच वर्षं रोख्यांत अडकला आहे. त्याच्या गरजेकडे पाहून रोखे ३५ लाखांचेच घेतले असते तर १५ लाख लगेच हाती आले असते आणि कर १ लाख ९५ हजारांनी वाढला असता. हा आकडा मी त्या दिवशी कागदावर लिहिला नव्हता. लिहायला हवा होता, निर्णय त्यांचा होता.

काकाजींच्या फाइलच्या आतल्या बाजूला मी तीन नोंदी करून ठेवल्या आहेत. नवं वावर फेब्रुवारी २०२८ च्या आत विकायचं नाही. रोखे मार्च २०३० ला सुटतील, दोघा मुलांत निम्मे-निम्मे. लिलाव दर पाडव्याला, नोटीस आठ दिवस आधी.